साडेचौतीसचे पस्तीस की चौतीस?

एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणांची सरासरी ३४.५ आली, तर पूर्णांकात किती धरायची? वर्गात आपण शिकवतो त्याप्रमाणे ३५, म्हणजे मूल उत्तीर्ण. आता हाच प्रश्न संगणकाला पायथन या भाषेत विचारू. पायथनच्या २.७ या आवृत्तीत 'राउंड' ही आज्ञा ३५ हे उत्तर देते. तीच आज्ञा, एक अक्षरही न बदलता, आवृत्ती ३ मध्ये ३४ देते!

यात बिघाड काही नाही. संख्या बरोबर मध्यावर असेल तर ती जवळच्या सम पूर्णांकाकडे न्यावी, असा नियम आवृत्ती ३ मध्ये आहे, म्हणून ३५.५ चे मात्र ३६ होतात. प्रत्येक अर्धा वरच ढकलत गेले तर मोठ्या बेरजेत थोडी थोडी वाढ साचते, ती यामुळे टळते. भागाकाराचीही तीच गोष्ट. ७ भागिले २ याचे उत्तर जुन्या आवृत्तीत ३, नव्या आवृत्तीत ३.५.

आवृत्ती ३ डिसेंबर २००८ मध्ये आली आणि २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधली अकरा वर्षे दोन्ही नांदल्या, आणि त्या काळातले प्रोग्राम अजून अनेकांच्या संगणकांवर आहेत. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीत अडला तर ते बरेच म्हणायचे, कारण चूक लगेच दिसते. मुकाट्याने बदललेला आकडा घातक.

मग जुनी आवृत्ती काढून नवी बसवावी का? तसे करू नये. लिनक्ससारख्या प्रणालीची स्वतःची काही साधने पायथनवरच चालतात, ती बंद पडतील. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात. प्रश्न उरतो तो जोड-ग्रंथालयांच्या सरमिसळीचा. त्यासाठी 'व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट', म्हणजे आभासी परिसर, वापरतात. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ही सोय पायथनमध्येच आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक गटाला बाटल्यांचा वेगळा ट्रे देतो, शेगडी मात्र टेबलावरचीच, तसे हे आहे. परिसर म्हणजे एक फोल्डर. त्यात ग्रंथालये स्वतःची, आणि पायथन कोणते वापरायचे याची नोंद. परिसर नवी आवृत्ती आणून देत नाही; ती आधी बसवलेली हवी. हा गैरसमज आमच्या विद्यार्थ्यांतही आढळतो. परिसर 'चालू करणे' म्हणजे तरी काय? संगणकाने पायथन शोधताना आधी या फोल्डरात पाहावे, एवढेच.

हे फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेऊ नये, आतले पत्ते चुकतात. ग्रंथालयांची आवृत्तीसह यादी न्यावी आणि तिथे परिसर नव्याने उभारावा. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीत आणताना आम्ही तो एकाच माहितीवर दोन्हींत चालवून उत्तरे ताडून पाहतो.

निकालपत्रकाच्या प्रोग्राममध्ये ३४.५ आणि ३५.५ हे आकडे आधी घालून पाहावेत. शाळेचा नियम अर्धा वर नेण्याचा असेल, तर 'राउंड'ऐवजी ०.५ मिळवून अपूर्णांक सोडून द्यावा. मग दोन्ही आवृत्त्यांत ३५ च येतील.