गाण्यातला 'तू' कोण?



गाणे ऐकताना आपण सगळेच एक गोष्ट नकळत करतो. गाण्यात 'मी' आणि 'तू' आले, की त्या दोघांचे चेहरे मनात ठरवून मोकळे होतो. आवाज पुरुषाचा असला की 'मी' म्हणजे प्रियकर आणि 'तू' म्हणजे प्रेयसी. झाले, प्रश्न मिटला! वर्गात कविता शिकवताना मीही गेली कित्येक वर्षे हेच करीत आलो. एका इंग्रजी गाण्याने ही सवय मोडली. त्या गाण्याविषयी आणि त्याच्या अर्थाविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत.

त्याचे असे झाले. भाषांतराच्या तासाला नेहमीचे उतारे देऊन मुले कंटाळली होती, म्हणून मी एक गाणे घेतले. 'बझकॉक्स' नावाच्या इंग्रज वाद्यवृंदाचे 'एव्हर फॉलन इन लव्ह' हे ते गाणे. त्याच्या पूर्ण नावाचा मराठी अर्थ मी फळ्यावर लिहिला, तो साधारण असा : जिच्या प्रेमात पडायला नको होते, तिच्या प्रेमात तू कधी पडलास का? मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, 'जिच्या' कशावरून? आणि 'पडलास' तरी कशावरून?"

मी म्हणालो, "अगं, गाणारा पुरुष आहे ना!"

ती म्हणाली, "असू दे की. पण गाणं तसं कुठं म्हणतंय?"

मी कागद उचलला, दोनदा वाचला. मुलीचे म्हणणे खरे होते. साऱ्या गाण्यात 'तो' नाही आणि 'ती'ही नाही. आहेत ते फक्त मी, तू, आपण आणि कुणीतरी. इंग्रजीत 'मी पडलो' आणि 'मी पडले' यांत फरक होत नाही. आपल्या मराठीत क्रियापद लगेच सांगून टाकते, की बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण. जे कवीने लिहिले नव्हते, ते मी भाषांतराच्या नावाखाली त्याच्या पदरात बांधले होते.

आता हे गाणे कुठले, ते पाहू. १९७६ च्या सुमारास इंग्लंडात तरुणांच्या संगीतात एक बंड झाले. त्याला 'पंक' म्हणतात. पंक म्हणजे उडाणटप्पू, उनाड. बड्या कंपन्यांचे महागडे, लांबलचक संगीत या पोरांना नको होते. तीन-चार स्वरमेळ यावेत, गिटार असावी, आणि मनातले बेधडक ओरडून सांगावे, एवढेच त्यांचे भांडवल. मँचेस्टरजवळच्या बोल्टन गावच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो या दोन विद्यार्थ्यांनी 'बझकॉक्स' उभा केला. आपली पहिली तबकडी त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये उसनवारी करून, स्वतःच्याच नावाने काढली. लवकरच डिव्होटो बाहेर पडला आणि गाण्याची धुरा शेलीकडे आली. बाकीचे पंकवाले राणीवर, सरकारवर, बेकारीवर तुटून पडत होते. शेली त्याच वेगात, त्याच गोंगाटात, प्रेमात खाल्लेल्या ठोकरांची गाणी म्हणू लागला. शिव्या देण्यापेक्षा 'मला दुखले' हे चारचौघांत म्हणणे त्या घोळक्यात अधिक धाडसाचे होते, असे मला वाटते.

या गाण्याच्या जन्माची हकीकत शेलीने स्वतः सांगितली आहे. नोव्हेंबर १९७७ मध्ये ही मंडळी कार्यक्रमासाठी दौऱ्यावर असताना स्कॉटलंडात एडिंबरोला मुक्कामाला होती. उतरण्याच्या जागी दूरचित्रवाणीवर 'गाइज अँड डॉल्स' हा १९५५ सालचा जुना संगीतपट चालू होता. त्यातले एक पात्र, प्रेम करू नये अशा माणसावर प्रेम बसण्याविषयी काहीसे बोलून गेले. ते वाक्य शेलीच्या मनात अडकून राहिले. दुसऱ्या दिवशी गाडी टपाल कचेरीबाहेर उभी असताना त्याने शब्द लिहायला घेतले. सप्टेंबर १९७८ मध्ये तबकडी निघाली आणि इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढली.

गाणे तीन मिनिटांच्या आत संपते. कडवी दोनच, त्यांतले एक पुन्हा येते, आणि मध्ये ध्रुवपद. पहिल्या कडव्यातला 'मी' तक्रार करतो, की माझ्या नैसर्गिक भावना तू झिडकारतोस, मला कस्पटासमान वागवतोस. आणि आरडाओरडा करावा तर तू कायमचा हातचा जायचा, ते तर त्याहून वाईट. दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो, की दोष कशात आहे हे शोधले नाही, आणि आपण दोघे सारखेच आहोत हे ओळखले नाही, तर हे फार दिवस टिकायचे नाही. बस, कथा एवढीच. प्रेम का करायला नको होते, ते गाणे शेवटपर्यंत सांगत नाही.

आणि इथेच चाहत्यांचे वाद सुरू होतात. गेली चाळीसहून अधिक वर्षे ते चालू आहेत. कुणी म्हणतो, हे मित्राच्या बायकोवरचे प्रेम असणार. कुणी म्हणतो, छे, हे तर छळणाऱ्या माणसाला सोडता न येणाऱ्याचे दुखणे आहे, पहिले कडवे पाहा. कुणाला त्यात घरच्यांना न चालणारे लग्न दिसते. गंमत म्हणजे पहिल्या ओळीतल्या क्रियापदावरही एकमत नाही. सुरांच्या गर्दीत कुणाला 'झिडकारणे' ऐकू येते, तर कुणाला 'ढवळून काढणे'. पहिल्या अर्थाने 'तू' निष्ठुर ठरतो, दुसऱ्या अर्थाने नुसता मोहक. एका शब्दाने माणूस पालटतो पाहा! ध्रुवपदाचेही तसेच. कडव्यातला 'तू' हा प्रिय माणूस आहे, पण ध्रुवपदातला प्रश्न कुणाला विचारला आहे? त्याच प्रिय माणसाला, की ऐकणाऱ्या तुम्हा-आम्हाला? दोन्ही बसते. मला वाटते, गाणे इतके पसरले त्याचे एक कारण हेच असावे. कडव्यात एक माणूस आपले रडगाणे गातो आणि ध्रुवपदात एकदम आपल्याकडे वळून विचारतो, 'तुमचे कधी असे झाले आहे काय?' आणि आपल्याला कुणीतरी आठवते.

पुढे शेलीने उलगडा केला. हे गाणे ज्याला उद्देशून होते, तो पुरुष होता, आणि त्याच्याबरोबर शेली सुमारे सात वर्षे राहिला. शेलीचे मन स्त्रियांवर तसेच पुरुषांवरही जडत असे, आणि आपली गीते स्त्री-पुरुष भेद न सांगणारी असावीत असा त्याचा जाणूनबुजून प्रयत्न होता. हे कळल्यावर गाण्यातले दोन साधे शब्द निराळे दिसू लागतात.

पहिला शब्द 'नैसर्गिक'. पुरुषांनी आपसांत संबंध ठेवणे हा इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ पर्यंत गुन्हा होता. त्या वर्षी एकवीस वर्षांवरील पुरुषांना खाजगीत त्यातून मोकळीक मिळाली. स्कॉटलंडात मात्र तो कायदा बदलला १९८० साली. म्हणजे एडिंबरोच्या रस्त्यावर बसून शेली हे गाणे लिहीत होता, तेव्हा त्या गावच्या कायद्यात असे प्रेम गुन्ह्यात जमा होते. तो घाबरून गप्प राहिला असे मी म्हणत नाही. पण ज्या प्रेमाला जग अनैसर्गिक म्हणते, त्याला 'नैसर्गिक' म्हणणे, तेही ओरडून न सांगता, जाता जाता, ही साधी गोष्ट नव्हे. आपल्याकडेही १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ कलम निसर्गक्रमाचीच भाषा बोलत असे. प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरवले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला एस्टोनियातील टालिन शहरी शेली वारला.

दुसरा शब्द 'सारखेच'. आपण दोघे सारखेच, म्हणजे स्वभावाने सारखे? दोषाला सारखेच धनी? मानाने बरोबरीचे? की दोघेही पुरुष? चारही अर्थ त्या शब्दात मावतात. शेवटचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळत होता, आणि ज्याला कळत नव्हता त्याचेही काही अडत नव्हते. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. १९८१ साली शेलीने 'होमोसेपियन' हे गाणे काढले. त्यात पुरुषाच्या पुरुषावरील प्रेमाचा निर्देश उघड आहे, असे ठरवून बीबीसीने ते वाजवायचे नाकारले. ज्याने सांगितले नाही ते गाणे घरोघर गेले, ज्याने सांगितले ते दाराशी अडले.

आता तुम्ही विचाराल, मग खरा अर्थ कोणता? इथे दोन चुका होतात, आणि त्या आम्हा मास्तर लोकांकडून जास्त होतात.

पहिली चूक, कवीचे चरित्र कळले की कविता संपली असे मानण्याची. आपले शाहीर पुरुष, पण त्यांच्या कितीतरी लावण्यांत बोलते ती बाई. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांतही विरहिणी बोलते. तिथे आपण 'मी' म्हणजे कवीच असे म्हणत नाही. शेलीने हे गाणे कुणासाठी लिहिले हे त्याने सांगितले. ते कुणाकुणापर्यंत पोचावे, हे ठरवणे त्याच्याही हातात उरले नव्हते. १९८७ साली 'फाइन यंग कॅनिबल्स' या दुसऱ्या वाद्यवृंदाचे हेच गाणे इंग्लंडच्या यादीत मूळ गाण्याहूनही वर, नवव्या क्रमांकावर गेले. तिथे त्याचा गोंगाट गेला आणि नाचाचा ठेका आला. त्या ठेक्यावर नाचणाऱ्यांत आपापले दुखणे घेऊन आलेले कितीतरी असतील. त्यांचा अर्थ खोटा म्हणणारे आपण कोण?

दुसरी चूक याच्या उलट. 'प्रेम ते प्रेम, कुणाचे का असेना' असे म्हणून शेलीने सांगितलेली गोष्ट पुसून टाकायची. हे बोलणे उदार वाटते, पण त्यात एक लबाडी आहे. गाणे सगळ्यांचे झाले, ते एकाने आपले नाव त्यात घातले नाही म्हणून. ते न घालण्याची किंमत त्याने आणि त्याच्यासारख्यांनी मोजली. ज्या पोराला आपले मन कुणाजवळ उघडे करता येत नव्हते, त्याने हे गाणे ऐकले असेल, तेव्हा 'तो' आणि 'ती' ची अट तिथे नाही, एवढ्यानेही त्याला बसायला जागा मिळाली असेल. ती जागा आपण 'जिच्या' लिहून बुजवतो.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे एक सांगणे आहे. 'कवीला काय म्हणायचे आहे?' हा आपला परीक्षेतला लाडका प्रश्न. त्याआधी मुलांना तीन लहान प्रश्न विचारा. शब्दांत नेमके काय आहे? ते कोणत्या काळी, कोणत्या गावी लिहिले? आणि यात आपण आपल्या घरचे काय घातले? तिसरा प्रश्न विचारायला जरा अवघड जाते, कारण त्याचे उत्तर आधी आपल्याला स्वतःला द्यावे लागते. मला ते एका विद्यार्थिनीमुळे द्यावे लागले.

त्या तासाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. 'मराठीत हे जमणारच नाही, आपलं व्याकरण आडवं येतं,' असे म्हणून मी सुटका करून घेऊ पाहत होतो. मुलांनी ऐकले नाही. त्यांची खटपट चालू राहिली. कुणी म्हणाले 'प्रेमात पडणे' हेच मुळी सोडून द्या, आपली आजी असे कुठे म्हणायची? शेवटी एक मुलगा, जो वर्षभर वर्गात फारसा बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "सर, असं चालेल का? नको त्या माणसावर तुझा जीव कधी जडलाय का?"

पाहा, जीव जडतो. विचारणाऱ्याचे लिंग नाही, ज्याला विचारले त्याचे नाही, आणि माणूस म्हणजे कुणीही. व्याकरण आडवे आले नव्हते, माझी सवय आडवी आली होती. फळ्यावरचे माझे वाक्य मी पुसले आणि त्याचे लिहिले.

त्याला ते इतक्या नेमके कसे सुचले, हे मी विचारले नाही. तास संपल्यावर तो नेहमीसारखा सायकल घेऊन गावाकडे गेला.