दम आधी येतो, पाय मागाहून

"सूज उतरली, लंगडणं थांबलं, आता खोगीर चढवायला काय हरकत आहे?" तबेल्यात हा प्रश्न हमखास ऐकू येतो आणि बरे होत आलेले घोडे पुन्हा जायबंदी होतात ते बहुतेक याच प्रश्नापायी.

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा, अस्थिबंध आणि वर कातडी, एवढंच. भरधाव धावताना एकेका पायावर एका क्षणी शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. नळीच्या मागच्या बाजूची कंडरा दर टापेला ताणली जाते आणि परत आखडते. तिचे तंतू फाटले की सूज आणि ऊब काही आठवड्यांत जाते, लंगडणं तर कधी कधी त्याच्याही आधी थांबतं. आतला प्रकार मात्र वेगळा असतो. नवे तंतू आधी वेडेवाकडे, गुंत्यासारखे भरतात. ते ओळीत यायला आणि भार पेलायला नऊ महिने ते वर्ष लागतं, जखम मोठी असेल तर त्याहून जास्त. भरून आलेल्या जागेला मूळची लवचीकता पुन्हा येत नाही. म्हणून रोज सकाळी, फिरवायला काढण्यापूर्वी, पाय उचलून नळीमागून दोन बोटं हळूहळू खाली फिरवावीत. ऊब, जाडपणा किंवा दाबल्यावर झटका जाणवला तर त्या दिवशी काम बंद. पण नुसत्या बोटांच्या भरवशावर पुढची पायरी चढू नये, त्यासाठी पशुवैद्याकडून सोनोग्राफी हवी.

मग वर्षभर बांधून ठेवायचं का? हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. तंतू ओळीत येतात ते मोजका ताण मिळाला तरच. सुरुवातीचे सुजेचे दिवस संपले की पशुवैद्याच्या सल्ल्याने हातात दोर धरून चालवणं सुरू होतं, आधी दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं. ती वेळ आठवड्या-पंधरवड्याने थोडी थोडी वाढते. पुढे स्वार बसवून नुसती चाल, तीही कित्येक आठवडे. मग दोन-तीन मिनिटांची दुडकी, आणि दौड अगदी शेवटी. जमीन सपाट आणि घट्ट, रस्ता सरळ. लांब दोरीवर गोल फिरवणं पुष्कळांना हलकं काम वाटतं. ते तसं नाही, लहान वर्तुळात आतल्या पायाच्या सांध्यांवर वाकडा भार येतो. आणि "कुरणात सोडा, निसर्ग बरं करेल" म्हणणाऱ्यांनी तबेल्यात महिनाभर बांधलेला घोडा पहिल्यांदा मोकळा सुटताना एकदा पाहावा. एका उधळणीत सगळ्या महिन्यांची कमाई जाते.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे घोड्याची उमेद. पहिल्या महिनाभराच्या विश्रांतीत हृदय आणि फुप्फुसं फारसं गमावत नाहीत, आणि गमावलेलं काही आठवड्यांच्या कामात परत मिळवतात. स्नायूंना काही महिने लागतात. कंडरा आणि हाडं या सर्वांच्या मागे असतात. म्हणजे काम सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घोडा कान टवकारून लगाम ओढू लागतो, दम भरलेला असतो, आणि पाय अजून तयार नसतात. हाडांवर भार नसला की तीही कमजोर होतात. शर्यतीच्या घोड्यांमध्ये खांद्याखालच्या हाडाला बारीक तडे जाण्याचा धोका लांब सुट्टीनंतरच्या आठवड्यांत वाढलेला दिसतो.

नाडीही अशीच अर्धं खरं सांगते. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवलं तर उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ लागते. काम थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती साठाच्या आसपास उतरली तर दम ठीक आहे. पायाबद्दल ती काहीच बोलत नाही.

वेदनाशामक देऊन चालवणं याच जातीचं. दुखणं दबतं, जखम तिथेच राहते.

"चंदी वाढवा, ताकद येईल." इथे तर जिवावरच बेतू शकतं. काम बंद झालं त्या दिवसापासून चंदी कमी करावी, वैरण नाही. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला निदान सहा किलो सुकी वैरण हवीच. सुट्टीत भरपूर दाणा खाल्लेल्या घोड्याला एकदम कामाला लावलं तर मागचे स्नायू लाकडासारखे घट्ट होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. रविवारी सुट्टी मिळणाऱ्या गाडीच्या घोड्यांत हे सोमवारी दिसायचं, म्हणून इंग्लंडात त्याला सोमवारचा रोगच म्हणत. दाणा परत वाढवायचा तो आठ-दहा दिवसांत, मूठ-मूठ. घाई केली तर पोटशूळ, नाहीतर खुरांचा दाह.

समुद्रावर पळवल्याने पाय सुधारतात, ही समजूत रेड रम या घोड्यामुळे गाजली. त्याच्या खुरातल्या हाडाला दाह होता. साउथपोर्टच्या किनाऱ्यावर सराव करून त्याने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल ही शर्यत जिंकली. पण ती वाळू ओली आणि घट्ट होती, आणि त्याचं दुखणं हाडाचं होतं, कंडरेचं नव्हे. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाप रुतते आणि ताण पडतो तो नेमका नळीमागच्या कंडरेवर.

दुखऱ्या पायाकडे बघताना चांगल्या पायाचा विसर पडतो, तोही महागात जातो. अमेरिकेतल्या बार्बारोचा मागचा उजवा पाय २००६ साली शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड भरूनही येत होतं. पण जास्तीचा भार सोसणाऱ्या डाव्या पायाच्या खुराला दाह झाला, पुढे पुढच्या पायांनाही, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला मरण द्यावं लागलं. म्हणून खुरांची ऊब चारही पायांना रोज पाहावी, आणि नालबंदाची पाळी सुट्टीतही चुकवू नये.

आपल्याकडे वरातीच्या घोड्यांना चातुर्मासात आपोआप सुट्टी मिळते, आणि तुळशीचं लग्न झालं की ते थेट डांबरी रस्त्यावर, बँडच्या दणक्यात उभे राहतात. मालकांनी निदान सहा आठवडे आधी रोजची चाल सुरू करावी. आणि घोडा मागवणाऱ्यांनी नवरदेव बसण्यापूर्वी त्याला वीस पावलं सरळ चालवून पाहावं. पुढचा एक पाय टेकताना दर वेळी मान वर उचलली जात असेल तर तो पाय दुखतो आहे. त्या घोड्यावर कुणालाही बसवू नका. वरात पायी निघाली तरी लग्न लागतं.