वाऱ्याचा हिशेब आणि डोक्याची राखण

वर्ध्याहून नागपूरकडे जाणारा रस्ता आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदीपाशी येतो. नदीकाठच्या टेकडीवर विनोबांचा परंधाम आश्रम आहे. १९५९ साली स्थापन झालेले ब्रह्मविद्या मंदिरही येथेच. १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदान पदयात्रेत सुमारे तेरा वर्षे पायी चालणाऱ्या त्या तपस्व्याच्या गावापर्यंत पहाटे सायकलीवर जाऊन परतायचे म्हटले, तर फेरी नेमकी मापाची होते. दुकान उघडण्यापूर्वी व्यायाम होतो, नदीचे दर्शन घडते आणि उन्हे चढण्याआधी घरी पोचता येते. गेल्या काही वर्षांत विदर्भातील लहान-मोठ्या गावांत सायकल पुन्हा मानाने घराबाहेर पडू लागली आहे. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापारी वर्गाला तर तिची विशेष गरज आहे.

सायकल घरात आली की पाठोपाठ हेल्मेटचा प्रश्न येतो आणि त्यावरून घरात तीन मते पडतात. आजोबा म्हणतात, “आम्ही जन्मभर उघड्या डोक्याने सायकल चालवली, तेव्हा कुठे होती ही टोपी?” आईच्या डोळ्यांपुढे महामार्गावरचे भरधाव ट्रक असतात, हेल्मेटाशिवाय मुलाने उंबरठा ओलांडू नये, असे तिला वाटते. आणि मुलाने शर्यतवीरांच्या डोक्यावर पाहिलेले, कमी छिद्रांचे, गुळगुळीत, वारा कापणारे ‘एरो’ हेल्मेट मनात पक्के केलेले असते. त्याची किंमत ऐकून वडील हिशेबाची वही उघडतात. या तिघांचेही काही ना काही खरे आहे. म्हणून निर्णय हौसेवर किंवा भीतीवर न सोडता विवेकाने घेतलेला बरा.

आठ सेकंदांचे मोल

वाऱ्याला सायकलस्वार किती मोजतात, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीतले आहे. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटरची, एकेकट्याने धावण्याची फेरी होती. फ्रान्सचा लॉरां फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता. मागे असलेल्या अमेरिकन ग्रेग लेमाँडने वाऱ्याला छेद देणारे हँडल आणि निमुळते हेल्मेट वापरले. फिन्यों उघड्या डोक्याने, केसांची शेंडी वाऱ्यावर उडवीत धावला. तीन हजार दोनशेहून अधिक किलोमीटरांची ती शर्यत लेमाँडने अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. त्यात हेल्मेटचा वाटा किती आणि हँडलचा किती, यावर वाद होत राहिले. परंतु वाऱ्याशी केलेला काटकसरीचा व्यवहार विजेतेपद मिळवून देऊ शकतो, हे त्या दिवसाने सायकलविश्वाला पटवून दिले.

त्या काळातील तसली हेल्मेटे लांब शेपटीची आणि केवळ वेळेविरुद्धच्या शर्यतीपुरती असत. रोजच्या रस्त्यावर चालणारे एरो हेल्मेट नंतर आले. २०१२ च्या सुमारास ‘जिरो’ कंपनीच्या ‘एअर अटॅक’सारखी आखूड, गोलसर, मोजक्या छिद्रांची हेल्मेटे शर्यतींत दिसू लागली आणि पाहता पाहता बाजारातही आली.

वारा कसा आकारणी करतो

सायकलस्वाराला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याविरुद्ध खर्चावी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला, तर विरोध चौपट होतो आणि शक्तीचा खर्च आठपट. चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या वाचकांना ही आकारणी चटकन उमजेल. तिची दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही: वेग निम्मा केला, तर वाऱ्याकडून होणारी बचतही आठव्या हिश्शावर येते.

समजा, ताशी चाळीस किलोमीटर वेगाला एखादे एरो हेल्मेट साध्या हेल्मेटच्या तुलनेत आठ वॅट शक्ती वाचवते. वर्धा-पवनार रस्त्यावर सकाळी फिरणारा गृहस्थ ताशी वीस किलोमीटरने जातो. त्याच्यासाठी तेच हेल्मेट एकच वॅट वाचवील. नऊ किलोमीटरचे अंतर कापायला त्याला सत्तावीस मिनिटे लागतात; या एका वॅटने त्यातील जेमतेम दहा-पंधरा सेकंद कमी होतील. लेमाँडला आठ सेकंदांनी विजयमाला मिळाली. आपल्या गृहस्थाचे ते पंधरा सेकंद पुलावर एखाद्या ओळखीच्या माणसाला रामराम करण्यातच संपतील.

यावरून एरो हेल्मेट निरुपयोगी आहे, असे मात्र ठरत नाही. ताशी तीसच्या पुढे सातत्याने चालवणाऱ्या किंवा शर्यतीत उतरणाऱ्या तरुणाला त्याचा लाभ आहे. गुळगुळीत कवचाची हेल्मेटे पावसाची सर डोक्यात कमी येऊ देतात आणि डिसेंबरच्या थंड पहाटे ऊबही देतात. प्रश्न एवढाच, की जो लाभ आपल्या वाट्याला येणारच नाही, त्याचे मोल आपण का द्यावे?

विदर्भाचे ऊन

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. मे महिन्यात सकाळी आठ वाजताही डांबरी रस्त्यावरून उष्णता जाणवते. एरो हेल्मेटमध्ये पुढच्या मोजक्या छिद्रांतून हवा आत शिरते, आतील खोबणींतून फिरते आणि मागून बाहेर पडते. ही व्यवस्था वेगावर अवलंबून आहे. शर्यतीच्या वेगाला ती उत्तम चालते. चढावर, फाटकापाशी किंवा बाजारातल्या गर्दीत वेग दहा-बारावर आला, की हवा आत ढकलायला काही उरत नाही आणि डोके तापू लागते. काही कंपन्यांनी यावर उपाय म्हणून सरकत्या झडपेची हेल्मेटे काढली आहेत. इटलीच्या ‘कास्क’ कंपनीचे ‘इन्फिनिटी’ हे त्यांतले परिचित उदाहरण. झडप उघडली की वारा आत येतो, बंद केली की कवच गुळगुळीत होते.

लांब पल्ल्याचे सायकलस्वार या बाबतीत मार्गदर्शक ठरतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. विश्रांतीचा वेळ धरून त्यांच्या वेगाची सरासरी काढली, तर ती ताशी सतराच्या आसपास येते. दोनशे ते सहाशे किलोमीटरांच्या ‘ब्रेव्हे’ या उपक्रमांतही वेळेची मर्यादा साधारण ताशी पंधरा किलोमीटरच्या सरासरीवर बेतलेली असते. भारतात त्यांत हेल्मेट सक्तीचे आहे. एवढ्या दीर्घ प्रवासात काही सेकंदांच्या बचतीपेक्षा डोके थंड राहणे आणि मान न अवघडणे हेच अधिक मोलाचे.

हेल्मेट नेमके काय करते

सायकलच्या हेल्मेटचा इतिहास फार जुना नाही. पूर्वीचे शर्यतवीर चामड्याच्या पट्ट्यांची जाळीदार टोपी घालीत. तिने खरचटणे टळे, फारसे अधिक काही नाही. कडक कवचाच्या आत फोमचा थर असलेले ‘बेल बायकर’ हेल्मेट १९७५ मध्ये अमेरिकेत आले आणि खरे संरक्षण सुरू झाले. तरीही अनेक शर्यतवीर उघड्या डोक्यानेच धावत राहिले. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते; दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर या घटनेत आहे: जगातील सर्वांत निष्णात सायकलस्वारालाही पडण्यापासून सूट नाही.

हेल्मेटचे काम करतो तो आतला पांढरा किंवा काळा फोम. डोके आपटताच तो चेपतो आणि धक्का क्षणभर लांबवतो. त्यामुळे कवटीवर येणारा भार कमी होतो. एकदा चेपलेला फोम पुन्हा उभा राहत नाही. म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे. दुसऱ्या कोणाला ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून देऊ नये. काटकसर हा गुण खरा, पण येथे ती दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

युरोपच्या ‘ईएन १०७८’ या मानकानुसार हेल्मेट सपाट पृष्ठभागावर ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आपटून पाहतात, आणि डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींहून अधिक असता कामा नये. अमेरिकेच्या ‘सीपीएससी’ मानकात आदळण्याचा वेग ताशी बावीसच्या थोडा पुढे आणि मर्यादा तीनशे पटींची आहे. हे आकडे नम्र करणारे आहेत. हेल्मेट सायकलवरून पडण्यासाठी आहे. ट्रकच्या धडकेवर तो तोडगा नव्हे. म्हणून मागचा लाल दिवा, चमकणारे जाकीट, डावी कड आणि सावध नजर यांची जागा हेल्मेट घेऊ शकत नाही.

डोके तिरके आपटले तर मेंदूला पीळ बसतो, तोही घातक असतो. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या ‘मिप्स’ या व्यवस्थेत आतला पातळ थर काही मिलिमीटर सरकतो आणि तो पीळ कमी करतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकलच्या हेल्मेटना तिरक्या आघाताच्या चाचणीवरून तारांकन देते. त्या यादीत पुष्कळ तारे मिळवणारी काही हेल्मेटे माफक किमतीची आहेत. महाग म्हणजे अधिक सुरक्षित, हे समीकरण येथे लागू पडत नाही. वाढीव किंमत बहुधा हलकेपणा, हवेशीरपणा आणि वाऱ्याच्या बचतीसाठी असते.

दुकानात काय पाहावे

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे आहे. साध्या सायकलस्वाराला तशी सक्ती नाही. मोटारसायकलचे जड हेल्मेट सायकलवर घालण्याचा प्रयोग मात्र करू नये. श्रमाच्या वेळी ते असह्य तापते आणि चार दिवसांत खुंटीवर जाते.

प्रथम डोक्याचा घेर मोजावा. भुवयांच्या वर बोटभर अंतर सोडून फीत गुंडाळावी आणि सेंटीमीटरमध्ये माप घ्यावे. मग आकार पाहावा. काही डोकी गोल, काही लांबट असतात. माप बरोबर असूनही कपाळावर दाब आणि बाजूला पोकळी असेल, तर ते हेल्मेट आपले नव्हे. मागची चकती फिरवून बसवल्यावर, हनुवटीचा पट्टा न लावता डोके हळूच हलवावे. हेल्मेट जागचे हलू नये. भुवयांवर दोन बोटे, कानांखाली पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’ आणि हनुवटीखाली एक-दोन बोटांची सैल, एवढे जमले की बसणी योग्य. वेणी किंवा अंबाडा घालणाऱ्या भगिनींनी केस नेहमीसारखे बांधूनच हेल्मेट घालून पाहावे. चष्मा असेल, तर त्याच्या काड्या पट्ट्यांत अडकत नाहीत ना, हेही तपासावे.

आत मानकाची चिठ्ठी आणि निर्मितीची तारीख असावी. नामांकित कंपन्यांच्या नक्कल वस्तू स्वस्तात विकल्या जातात. चेहरा हुबेहूब असतो, पण आतल्या फोमचा भरवसा नसतो. व्यापाऱ्याने तरी पावती घेतल्याशिवाय असा माल घेऊ नये. काही महागड्या हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्यावर चामड्यासारखे आवरण असते. ते बहुधा कृत्रिम असते. तरीही विचारून खात्री करून घेतल्यास मनात किंतु राहत नाही. पहाटेच्या अंधारात निघणाऱ्यांनी मागे लाल दिवा अडकवायला जागा आहे का, तेही पाहावे. गुळगुळीत पाठीच्या एरो हेल्मेटमध्ये ती अनेकदा नसते. काळ्या रंगापेक्षा पांढरा किंवा पिवळा रंग दुरून लवकर दिसतो.

घरी आणल्यावर हेल्मेट सौम्य साबण व साध्या पाण्याने पुसावे. उन्हात उभ्या मोटारीत ते ठेवू नये, त्यावर रंग किंवा पेट्रोल लावू नये. फोम आतून बिघडतो.

वहीतली शेवटची ओळ

बाजारात दोन-तीन हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत हेल्मेटे मिळतात. रोज वीसच्या वेगाने फिरणाऱ्याने भरपूर छिद्रांचे, मानकाचे, शक्य तर सरकत्या थराचे मध्यम किमतीचे हेल्मेट घ्यावे. आठवड्यातून दोनदा जोरात चालवणाऱ्या तरुणाला मधला मार्ग आहे: गोलसर कवच, पुढे चार-सहा मोठी छिद्रे किंवा सरकती झडप. निव्वळ शर्यतीचे बंद हेल्मेट शर्यतीतच शोभते. बचत झालेल्या रकमेतून घरातील दुसऱ्या सायकलस्वारासाठी हेल्मेट येते. बहुतेक घरांत लेकाला हेल्मेट असते आणि वडील उघड्या डोक्याने दूध आणायला जातात, हे येथे आवर्जून आठवावे.

संरक्षणाचे साधन रोज वापरले तरच संरक्षण करते. वीस हजारांचे हेल्मेट उकाड्यामुळे खुंटीला लटकले, तर ते शून्य किमतीचे. तीन हजारांचे हेल्मेट रोज डोक्यावर बसले, तर त्याची किंमत करता येणार नाही. धाम नदीचा पूल ओलांडताना समोरून ट्रक येतो, वाळूवरून चाक घसरते, क्षणात तोल जातो. त्या क्षणी किती सेकंद वाचले, हे कोणी विचारत नाही. सगळे घर एवढेच विचारते, “डोक्याला लागले नाही ना?” त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देता यावे, यासाठीच ही सारी खरेदी.