इंजिन ठोकते आहे? आधी कान द्या!

सानपाडा, तुर्भे, जुईनगर या पट्ट्यात कर्ज काढून टुरिस्ट गाडी घेतलेली आपली मुले पुष्कळ आहेत. गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी हप्ता ठरल्या तारखेला जातोच. म्हणून इंजिनमधून ठकठक ऐकू आली की मुलाबरोबर सगळ्या घराच्या काळजात धस्स होते. आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाला बिल मोठे येते, हे काय सांगायला हवे?

आम्ही कारकुनी करणारी माणसे, मिस्त्री नव्हे. परंतु अशा बिलांचे हिशेब तपासून देण्याच्या निमित्ताने गॅरेजांत बरेच बसणे झाले, मिस्त्र्यांना विचारून विचारून बेजार केले. त्यातून समजले ते असे, की ‘नॉकिंग’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या आजारांना लावला जातो. एक बहुधा थोडक्या पैशांत बरा होतो. दुसऱ्यात इंजिन उतरवावे लागते.

पहिला आजार जळणाचा. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. कधी कधी ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप भडकते. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा तो आवाज. खंडाळ्याचा घाट, गाडीत पाच माणसे, गिअर चौथा आणि पाय पूर्ण दाबलेला, की हमखास येतो. पाय सोडला की जातो. अशा वेळी गिअर खाली घ्यावा. पुढे सवडीने प्लग, रेडिएटरचे पाणी, हेडमध्ये धरलेला कार्बन आणि टायमिंग तपासून घ्यावे. भेसळीचे पेट्रोल हेही एक कारण. पंप बदलून पाहायला काही खर्च नाही. मात्र महिनोन् महिने हा आवाज चालू दिला तर पिस्टनला भोक पडू शकते.

जुन्या पद्मिनी टॅक्सीत मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर हाताने किंचित फिरवून टायमिंग मागे घेत असे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आताच्या बहुतेक गाड्यांत नॉक सेन्सर हेच काम करतो. त्यामुळे आवाज दबतो, पण पिकअप पडतो.

या आवाजाला साऱ्या जगाने मोजलेली किंमत मात्र भयंकर आहे. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना असे आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले की नॉकिंग थांबते. इंजिन शांत झाले, पण धुराबरोबर शिसे हवेत गेले आणि लहान मुलांच्या मेंदूला बाधले. रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला ते अधिक आले. आपल्या देशात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. जगातून शिशाचे पेट्रोल जायला २०२१ उजाडले. इंधन नॉकिंगला किती दाद देत नाही ते ऑक्टेन क्रमांक सांगतो. आपले पेट्रोल ९१ क्रमांकाचे होते. वीस टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल जवळपास ९५ चे असते. ई-२० बद्दल इतर तक्रारी असतील, नॉकिंगचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

सीएनजीचा ऑक्टेन क्रमांक याहूनही बराच वर. त्यामुळे सीएनजीच्या गाडीत एक सोपी परीक्षा करता येते. पेट्रोलवर आवाज येतो आणि सीएनजीवर टाकताच थांबतो, तर दोष बहुधा जळणाचा. दोन्हीवर सारखाच येत असेल, तर यंत्राचा.

हा दुसरा आजार वाईट. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले की इंजिनच्या खालच्या अंगातून जड ठोका येतो, लाकडावर हातोडी मारल्यासारखा. इंजिनची गती वाढली की ठोकेही वाढतात, घाट असो वा सपाट रस्ता. वरच्या बाजूने हलकी टिकटिक येत असेल तर ती बहुधा टॅपेटची, त्याला एवढे घाबरू नये. पण जड ठोका आला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर पाम बीच रोडच्या मध्यावर असलात तरी कडेला घेऊन इंजिन बंद करा. ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणून चालवलेले तेवढे अंतर क्रँक खाते. टोइंगचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

बेअरिंग झिजते ते मुख्यत्वे ऑइल कमी पडल्याने. इंजिन थंड असताना, सपाट जागी, आठवड्यातून एकदा काडी काढून ऑइल पाहावे. गतिरोधकावर सम्प घासला असेल तर त्याच दिवशी पाहावे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही, रॉड वाकतो आणि मग ठोका सुरू होतो.

इंजिन उघडायचे ठरलेच, तर आधी मिस्त्रीला दोन गोष्टी करायला सांगा. ऑइलचा दाब मीटर लावून मोजायचा, आणि इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची ठिणगी तोडून पाहायची. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, दोष तिथे. काम झाल्यावर जुने बेअरिंग मागून घ्या. करड्या थराखालचा तांबूस रंग उघडा पडलेला असेल, तर ते खरोखरच झिजले होते. गुळगुळीत, एकसारखे करडे असेल, तर बिल देण्यापूर्वी विचारायला हवे की हे काढले कशासाठी.