एका औषधाने का भागत नाही?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. मेहुण्यांच्या मेंदूतली गाठ काढली होती. तपासणीत ग्लिओब्लास्टोमा निघाला. "दादा, तिकडे दोन-दोन, तीन-तीन औषधं एकदम देतात म्हणे. शेत विकून यांना घेऊन येऊ का रे?"

मी डॉक्टर आहे तो इंजिनिअरिंगचा. पण ट्रॉयमधल्या आपल्यापैकी कुणालाही असा फोन येऊ शकतो, म्हणून त्या आठवड्यात जे वाचले, विचारले ते इथे मांडतो.

ही गाठ मेंदूत मुळांसारखी पसरते. शस्त्रक्रियेनंतरही काही पेशी मागे उरतातच. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक औषधांना आत शिरू देत नाही. शिवाय गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. एका औषधाने काही मरतात, उरलेल्या वाढत राहतात. म्हणून दोन-तीन बाजूंनी मारा करायचा.

2005 साली 573 रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. किरणोपचारांना टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड दिल्यावर दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर गेले. ही गोळी पेशीच्या डीएनएला इजा करते आणि एमजीएमटी नावाचे प्रथिन ती इजा दुरुस्त करते. ज्या गाठीत या प्रथिनाचे जनुक बंद असते, तिथे गोळी अधिक लागू पडते.

मग आणखी एक औषध घातले तर? बेव्हॅसिझुमॅब गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखते. 2014 साली दोन मोठ्या चाचण्यांत दिसले, की त्याने गाठीची वाढ काही महिने लांबली, पण आयुष्य वाढले नाही. उलट 2019 साली जर्मनीतल्या एका लहान चाचणीत, एमजीएमटीचे जनुक बंद असलेल्यांना टेमोझोलोमाइडबरोबर लोमुस्टिन दिल्यावर निम्मे रुग्ण 31 ऐवजी 48 महिन्यांपर्यंत जगले. औषधांची साधी बेरीज होत नाही. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसे लावून काय होते, हे आपल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नकोच.

हा आजार पुरता बरा करणारे औषध अजून कुठेच नाही. पहिला उपचार डेट्रॉइटच्या हेन्री फोर्डमध्ये काय आणि मुंबईच्या टाटामध्ये काय, जवळपास तोच. गोळ्याही भारतातच तयार होतात. म्हणून बहिणीला म्हटले, "शेत विकू नकोस. आधी एमजीएमटीचा रिपोर्ट माग. कुणी जास्तीचं औषध सुचवलं तर विचार, यानं नुसती वाढ लांबते की आयुष्यही वाढतं?"

तिने सगळे वहीत लिहून घेतले. मग जरा थांबून म्हणाली, "औषध नको आणूस. पण तू ये."

मी तिकीट काढले.