जुन्या मोटारीचा धूर

दौंडकरांना धुराचे वावडे असावयाचे कारण नाही. 1858 साली पुण्याहून दिक्सळकडे जाणारी आगगाडी येथून धावू लागली, 1878 साली मनमाडचा फाटा निघाला आणि कोळशाच्या धुराखालीच हे गाव वाढले. तो धूर निदान दिसत असे. वाळत घातलेले धोतर काळवंडले की दोष कोणाचा हे सांगावे लागत नसे. मोटारीच्या नळीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास. हौसेने जपलेल्या जुन्या मोटारीतून हा वायू आवरणारे उपकरण मालकाने काढून टाकले, तर त्यात गैर काय, असा प्रश्न आम्ही आज विचारास घेतला आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. साऱ्या जुन्या मोटारी एका जातीच्या नव्हेत. 1955 च्या मोटारीत असे उपकरण मुळातच नव्हते. जे नव्हतेच ते काढल्याचा आरोप तिच्यावर येत नाही. 50 वर्षांवरील अशा मोटारींसाठी केंद्र सरकारने 2021 साली 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी काढली. मोटार मूळ रूपात असावी आणि तिने रोजच्या कामाला रस्त्यावर येऊ नये, ही त्यातली अट.

1995 ची मोटार निराळी. त्या वर्षीच्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. सायलेन्सरच्या आधी बसवलेला हा डबा; त्यात जाळीदार विटेवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. तापलेला धूर त्यातून गेला की विषारी वायू आणि न जळलेले पेट्रोल यांचा कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. (चोरांना या धातूंचे मोल चांगले कळते, अलीकडे महाराष्ट्रात इको गाड्यांचे सायलेन्सर त्यासाठीच चोरीस गेले.) पेट्रोलमधले शिसे या थरावर बसले की डबा निकामी. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते 2000 च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात मुंबईची मोटार गावाकडे आली आणि मिस्त्रीने डबा काढून सरळ नळी जोडली असेल, तर त्याला आम्ही फारसे बोल लावणार नाही. आज ती सबब उरलेली नाही.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत तेच बजावले. प्रदूषणाच्या नियमभंगास कलम 190 प्रमाणे 10,000 रुपयांपर्यंत दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

यावर हौशी मंडळी म्हणतात, "आमच्या गाडीला पीयूसी मिळते की!" मिळतही असेल. पण पेट्रोल गाडीची ती तपासणी इंजिन उभ्या जागी चालू ठेवून होते. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. कार्ब्युरेटर तासभर नीट बसवून प्रमाणपत्र घेता येते. ते जवळ आहे एवढ्यावरून शेजाऱ्याच्या श्वासाचा हिशेब पुरा होत नाही.

अशा मोटारी थोड्या आणि धावतात त्याहून थोड्या, हे मात्र आम्हांस मान्य आहे. शहराची हवा त्यांनी बिघडलेली नाही. तरीही गर्दीत फाटकापाशी उभ्या मोटारीच्या मागे सायकलवर जो थांबतो, त्याला मोटारींची शिरगणती ऐकवून काय उपयोग? आणि मूळ रंग, मूळ दिवे यांसाठी जीव टाकणाऱ्याने मूळ डबा तेवढा भंगारात द्यावा, ही हौस आम्हांस कळत नाही.

डब्याने इंजिन कोंडते, ही तक्रार पुष्कळदा खरी असते. अशा वेळी आधी मिश्रण जाड झाले आहे का, पिस्टनच्या रिंगा झिजून तेल जळते आहे का, ते पाहावे. तो दोष काढल्याशिवाय नवा डबा बसवला तर तोही तुंबेल.