हळदीचा रंग आणि शिसें

पिवळ्याधमक हळकुंडास भाव चढतो, हें हळद पिकविणाऱ्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. परंतु या रंगाच्या लोभानें बांगलादेशांत काय झालें, तें ऐकण्याजोगें आहे. १९८० नंतरच्या दशकांत तेथें पुरानें हळद भिजून काळवंडली. तेव्हां ती घासतांना लेड क्रोमेट नांवाची पिवळी भुकटी टाकण्याची चाल पडली, असें सांगतात. या भुकटींत शिसें असतें.

पोटांत गेलेलें शिसें हाडांत सांठतें व गर्भारपणीं पुन्हां रक्तांत उतरून गर्भापर्यंत पोहोंचतें. पुढें मुलाची बुद्धि मंदावते, चित्त ठरत नाहीं, स्वभाव चिडखोर होतो. आणि घरचीं माणसें त्यास द्वाड म्हणून मारतात! झालेली हानि औषधानें भरून येत नाहीं.

२०१९ सालीं तेथील सरकारनें बाजारांत तपासणी व दंड सुरू केले, लोकांसही सावध केलें. त्या सालीं शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें होतें. २०२१ सालीं एकाही नमुन्यांत आढळलें नाहीं.

हळद नीट उकडून, मोडतांना कट्कन आवाज होईपर्यंत वाळवावी. ढोलांत घासतांना टाकावयाचीच तर हळदीचीच पूड टाकावी. व्यापाऱ्यानें दिलेली पिवळी पुडी घेऊं नये.